लाखेचे वय

मराठीत बंद करून मोहोर लावलेल्या पत्राला लाखोटा म्हणतात. ज्यांचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले, त्यांना या शब्दाचा थोडासा धाक अजूनही वाटतो. बदलीचा हुकूम, गोपनीय अहवाल, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, खजिन्याच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा, ही सगळी आपली कुळे लाखेच्या तांबड्या ठशाखाली नांदत आली. शब्द लाखेवरून आला हे उघड आहे. परंतु लाख म्हणजे काय, ती टिकते किती व कशी, आणि जुना लाखोटा हाती घेतला की त्यावरची मोहोर खळकन का फुटते, याचा विचार आपण दप्तरखान्यात वावरूनही सहसा करीत नाही. तो विचार मला जयपुरात करावा लागला.

येथे बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला लाख भेटते ती चुड्याच्या रूपाने. सोडाला हा शहराच्या जुन्या परकोटाबाहेरचा, अजमेर रस्त्यावरचा भाग. आपल्यासारख्या फिरस्त्या नोकरदारांना तो सोयीचा, कारण दिवाणी वस्ती जवळ आणि स्टेशनही फार दूर नाही. तेथून चांदपोल गाठून त्रिपोलिया बाजारात शिरले की मणिहारांचा रस्ता लागतो. सवाई जयसिंगाने १७२७ साली हे शहर वसविले तेव्हा धंद्यांना आखून दिलेल्या गल्ल्यांची नावे आजही चालतात, त्यांपैकीच ही एक. दुकानाच्या तोंडाशीच कोळशाची शेगडी असते. मणिहार लाखेची कांडी धगीवर धरून मऊ करतो, वळतो, वेटोळे घालून जोड मिटवतो, आणि गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांगडी लहान पडली तर तीच पुन्हा शेगडीवर धरून ताणून देतो. आपल्याकडच्या कासाराला हे साधणारे नाही. कासाराची काचेची बांगडी एकदा झाली ती झाली. हातात बसली नाही तर परत टोपलीत.

पुण्यानागपुराहून आलेल्या आपल्या बायकांना त्यामुळे लाखेचा चुडा हा काचेच्या चुड्याचा परका, रंगेल चुलतभाऊ वाटतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हे नाते याहून जवळचे आहे. दोन्ही काचाच आहेत. एक वाळूची, दुसरी किड्याची.

या किड्याला आपल्या वाङ्मयात फार जुने स्थान आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे आणि तेथे ती जखम भरून काढणारी औषधी म्हणून येते. आदिपर्वातले वारणावताचे जतुगृह तर प्रत्येक मराठी मुलाने आजीच्या तोंडून ऐकलेले असते. दुर्योधनाने घर लाखेचे बांधविले, यात त्या पदार्थाचे दोन गुण नेमके हेरलेले आहेत: ती भिंतीवर चढवून चकाकी आणता येते, आणि ती पेटते. पळस, बोर व कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे सूक्ष्म कीटक लक्षावधींनी बसतात, रस शोषतात आणि आपल्याभोवती राळेचे कवच रचतात. पळस-बोरीवरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. पिके बैसाखी, कतकी, जेठवी व अगहनी. गोंदिया-गडचिरोलीकडच्या रानांतही हे पीक घेतले जाते. एक किलो लाखेस सुमारे तीन लाख कीटक खर्ची पडतात असे सांगतात, आणि त्यावरून लाख हा शब्द संख्येवरूनच आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा मला व्युत्पत्तीपेक्षा शब्दखेळच अधिक वाटतो. युरोपातील शास्त्रज्ञांपुढे या कीटकाचे व्यवस्थित वर्णन जेम्स कर याने १७८१ साली मांडले. कीटकाचे आजचे शास्त्रीय नाव केरिया लॅका, त्यातले पहिले पद कर याच्या नावावरून पडले.

त्या काळी परदेशी व्यापाऱ्यांचा डोळा राळेपेक्षा तिच्यातील तांबड्या रंगावर होता. आपल्या अळित्याचा तो रंग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरापासून कृत्रिम रंग निघू लागले आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला. धंदा संपायचा, पण संपला नाही, कारण जी राळ रंग काढून झाल्यावर उरत असे तिलाच मागणी आली. मिर्झापूर हे चपड्याचे मोठे केंद्र बनले. लाकडावरचे पॉलिश, विजेच्या यंत्रांतील विद्युत्रोधक लेप आणि मग सर्वांत मोठे गिऱ्हाईक, ग्रामोफोनची तबकडी. एमिल बर्लिनरने १८९० नंतरच्या दशकात कठीण रबराच्या जागी लाखेचे मिश्रण घेतले आणि पुढली पन्नास वर्षे जगातील गाणे लाखेवर कोरले गेले. १९०२ साली फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मेणावर घेऊन गेला. त्या ध्वनिमुद्रिका जर्मनीत छापल्या गेल्या व इकडे विकावयास आल्या. म्हणजे आमच्या रानातली लाख समुद्रापार गेली, तिच्यावर आमचेच गाणे उमटले आणि ती आम्हांसच विकत मिळाली. १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदा भागात कारखाना निघाल्यावर हा द्राविडी प्राणायाम थांबला.

एवढा पैसा ज्या पदार्थावर अवलंबून, त्याच्याविषयी शास्त्रशुद्ध माहिती मात्र फारच थोडी होती. लिंडसे व हार्लो यांनी पहिल्या महायुद्धानंतर लाखेच्या धंद्याची पाहणी करून अहवाल दिला, आणि त्यातून १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था उभी राहिली. तिचे नाव पुढे दोनदा बदलले, परंतु ती आजही तेथेच आहे. तिने ज्या प्रश्नांना हात घातला त्यांत एक प्रश्न व्यापाऱ्यांना छळणारा होता. गोदामात ठेवलेला चपडा उन्हाळ्यात एकमेकांस चिकटून त्याचा दगड होई. आणि न चिकटता तसाच राहिला तरी वर्ष-दोन वर्षांनी तो स्पिरिटात पूर्वीसारखा विरघळत नसे. लाख म्हातारी होत होती. पण म्हातारपण एक नव्हते, दोन होती.

पहिले म्हातारपण समजण्यासाठी काच म्हणजे काय ते थोडे पाहावे लागेल. पाणी गोठते तेव्हा त्याचे कण कवायतीसारखे रांगा धरून उभे राहतात, तो स्फटिक. काही द्रव थंड करीत गेले तर ते रांगा न धरता केवळ घट्ट घट्ट होत जातात आणि एका विशिष्ट तापमानाच्या खाली, होते त्याच अस्ताव्यस्त स्थितीत, अडकून पडतात. हीच काच. आपण सुट्टीसाठी जयपूरहून मुंबईच्या गाडीत शिरतो तेव्हाचा डबा डोळ्यांसमोर आणावा. शिट्टी होते, लोक घुसतात, जो जेथे सापडला तेथे तो उभा. बिछान्यांच्या वळकट्या वाटेत, एकाचा पाय दुसऱ्याच्या ट्रंकेवर. गाडी सुटली की कोणी मोठी हालचाल करू शकत नाही; तथापि सवाई माधोपूर गेले, कोटा आला, तोवर प्रत्येकाने इंच-इंच सरकून डबा बराच सुधारलेला असतो. माणसे तितकीच, जागा मात्र अधिक. काचेतील कणही असेच करतात. बाहेरून पदार्थ स्थिर दिसतो, आत तो हळूहळू आवरून बसत असतो. त्याचे आकारमान किंचित घटते, तो अधिक ताठर व ठिसूळ होतो. यास भौतिक वार्धक्य म्हणतात. यात कोणतीही रासायनिक घडामोड नाही, आणि पदार्थ पुन्हा तापवून मऊ केला की ते समूळ पुसले जाते. एखाद्या मोठ्या स्टेशनावर सारा डबा उठून उभा राहावा आणि मांडामांड नव्याने व्हावी, तसे.

याची सर्वांत जुनी काळजीपूर्वक नोंद, माझ्या समजुतीप्रमाणे, इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल याची. त्याने एका तापमापकाचा शून्यबिंदू १८४४ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, वेळोवेळी वितळत्या बर्फात तपासला. बिंदू वर वर सरकत राहिला. एकूण सरक सुमारे एका फॅरनहाइट अंशाची, वेग उत्तरोत्तर मंद, पण थांबा नाही. तापमापकाचा काचेचा फुगा इतकी वर्षे आकसत होता व त्यातला पारा नळीत वर ढकलला जात होता. एका माणसाने एकाच नळीकडे अडतीस वर्षे पाहत राहावे, याचे बदलीच्या नोकरीतल्या आपल्यासारख्यांना विशेष नवल वाटावे. पुढे १९६३ साली फ्रान्समध्ये कोव्हाक्स याने बहुवारिकांच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंपासून बनलेल्या पदार्थांच्या, काचांवर अशीच चिकाटीची मापने प्रसिद्ध केली. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. एका तापमानावर काही काळ मुरवलेली काच वरच्या तापमानावर नेली, तर तिचे आकारमान योग्य तेवढे असतानाही प्रथम वाढते आणि मग परत मूळ जागी येते. जणू तिला आधीचा मुक्काम आठवतो. १९७८ साली नेदरलंडमधील स्ट्रुइक याचा या विषयावरील ग्रंथ आला, आणि प्लॅस्टिकची वस्तू कारखान्यातून निघाली त्या दिवसापासूनच बदलू लागते, हे अभियंत्यांना मान्य करावे लागले.

येथे कासाराची आणि मणिहाराची वाट वेगळी होते. काच किती वेगाने म्हातारी होते हे ती आपल्या मऊ होण्याच्या तापमानापासून किती दूर आहे यावर ठरते. वाळूची काच साडेपाचशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. आपल्या घरातले तापमान तिच्या दृष्टीने हिमालय होय. म्हणूनच युरोपातील जुन्या प्रार्थनामंदिरांच्या खिडक्यांची काच शतकानुशतके ओघळून तळाशी जाड झाली, ही पुष्कळदा सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. एदगार झानोत्तो या ब्राझिली शास्त्रज्ञाने १९९८ साली हिशेब मांडला, तेव्हा त्या ओघळण्यास विश्वाच्या वयाहूनही अधिक काळ लागेल असे निघाले. लाखेचे तसे नाही. तिचे संक्रमण चाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास होते. दमट हवेने ते आणखी खाली येते. ज्येष्ठात सोडाल्याच्या गच्चीखालच्या खोलीत पारा चाळिशीपुढे जातो, तेव्हा तेथली लाखेची प्रत्येक वस्तू आपल्या उंबरठ्यावर उभी असते. त्या उंबरठ्याच्या थोडेसे खाली भौतिक वार्धक्य सर्वांत जलद चालते, कारण कणांना हलण्यापुरती ऊब आहे व मोकळे होण्यापुरती नाही. उंबरठा ओलांडला की वस्तू वाकते, चिकटते. पौषातल्या कडक थंडीत हीच बांगडी जमिनीवर पडली तर तिचे तुकडे होतात.

लाखेचे रेणू प्लॅस्टिकच्या मानाने पुष्कळच आखूड असतात, आणि काटेकोर रसायनज्ञ तिला बहुवारिकांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसवील, हे येथे सांगितले पाहिजे. त्या आखूडपणातच तिचे दुसरे म्हातारपण दडलेले आहे. रेणूंची टोके मोकळी असल्यामुळे ती काळाने एकमेकांशी सांधली जातात. उष्णतेने हे फार झपाट्याने होते. दीडशे अंशांवर वितळलेली लाख काही मिनिटांतच अशी होते की ती पुन्हा वितळत नाही. चपड्याच्या व्यापारात तर ही मुदत लाखेचे आयुष्य म्हणूनच मोजली जाते. हे वार्धक्य रासायनिक आहे. त्यावर शेगडी हा उपाय नाही, उलट शेगडीनेच ते वाढते. मणिहाराचे सारे कौशल्य या दोहोंमध्ये आहे: पहिले म्हातारपण पुसले जाईल इतकी धग द्यावयाची आणि दुसरे येणार नाही इतक्या लवकर ती काढून घ्यावयाची. त्याला कोणी हे शब्द शिकविले नाहीत. कांडी फिरवता फिरवता त्याची बोटे ते ओळखतात.

बांगडीला हा उपाय चालतो, कारण बांगडीवर काही लिहिलेले नसते. लाखोट्याला तो चालत नाही. बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात जयपूर दरबाराचे खरीते आहेत. जुन्या दरबारी पत्रव्यवहारात असे खरीते किनखापी थैल्यांतून, तोंडाशी लाखेची मोहोर घेऊन जात. ठिसूळ झालेली मोहोर पुन्हा तरुण करावयाची तर तापवावी लागेल, आणि तापविली की तिच्यावरची अक्षरे जातील. ग्रामोफोनच्या तबकडीची गोष्ट हीच, फक्त अधिक जिव्हारी लागणारी. जयपूर संस्थानातील उनियाऱ्याहून निघालेले अल्लादियाखाँ कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि जयपूरच्या नावाची गायकी मराठी मुलुखात रुजली. खाँसाहेबांची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांचे जे काही आपल्या कानी पडते ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, सर्वांचा ऐन उमेदीचा आवाज त्या काळ्या तबकड्यांवर आहे. तबकडीत लाख एकचतुर्थांशाहूनही कमी, बाकी दगडाची पूड, काजळी व कापसाचे तंतू. पण सारे धरून ठेवते ती लाखच. दर बदलीला अशा तबकड्यांची पेटी बरोबर नेणारी मराठी घरे मी पाहिली आहेत. आडव्या रचलेल्या, माळ्यावर ठेवलेल्या, दोन उन्हाळे काढलेल्या तबकड्यांची पराते झालेलीही पाहिली आहेत. त्या सपाट करण्यासाठी ऊब द्यावी, तर खाचा बुजण्याचे भय. तेव्हा ज्याच्या घरी त्या असतील त्याने त्या उभ्या, थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात आणि त्यांतले गाणे लवकर उतरवून घ्यावे. केसरबाईंची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, तिला ही चिंता नाही. ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्यावर कोरलेली आहे आणि तांबे हा स्फटिक आहे.

आता लहान आकाराचा प्रश्न. जयपूरच्या मणिहारांची दुसरी करामत म्हणजे गुलालगोटा. लाखेची लहानशी गोळी तापवून फुंकणीने तिचा फुगा करतात, त्यात गुलाल भरतात आणि तोंड गोंदाने बंद करतात. अंगावर आदळताच कवच फुटते, रंग उडतो, लागत मात्र नाही. संस्थानी काळात राजे होळीला हत्तीवरून हे गोटे लोकांवर फेकीत असे सांगतात. हे कवच कागदासारखे पातळ असते, तेव्हा साहजिकच मनात येते की एवढी पातळ काच जाड बांगडीपेक्षा निराळ्या रीतीने म्हातारी होत असेल काय?

हा प्रश्न पदार्थवैज्ञानिकांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फार चुरशीने लढविला आहे. १९९४ साली केडी, जोन्स व कोरी यांनी सिलिकॉनवर पॉलिस्टायरिनचे अत्यंत पातळ थर चढविले. थर सुमारे चाळीस नॅनोमीटरहून पातळ झाला की त्याचे मऊ होण्याचे तापमान घसरू लागे. दहा नॅनोमीटरच्या थरात ते सुमारे २५ अंशांनी खाली आले. कारण पुन्हा आपला रेल्वेचा डबाच सांगतो. उघड्या दाराशी उभा असलेला उतारू आतल्यापेक्षा मोकळा. आणि डबाच इतका अरुंद केला की सगळेच दाराशी, तर सारा डबा मोकळा. पण पाठ भिंतीला घट्ट चिकटलेल्याचे काय? २००५ साली प्रीस्टली व टॉर्केलसन प्रभृतींनी ॲक्रिलिकच्या जातीच्या काचेत वेगवेगळ्या खोलीवर वार्धक्याचा वेग मोजला. मोकळ्या पृष्ठभागाशी तो आतल्याच्या निम्मा भरला, कारण तेथले कण आधीच बरेचसे स्थिरावलेले. आणि खालच्या सिलिकाला घट्ट धरून बसलेल्या थरात तो सुमारे पंधरा पटींनी मंद. याउलट वायू गाळण्याचे पातळ बहुवारिक पडदे जाड पडद्यांच्या मानाने फार लवकर म्हातारे होतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांतून वायू जाणे लक्षणीय कमी होते. पातळपणा तारक की मारक, हे पदार्थावर, आधारावर आणि आपण कशास वार्धक्य म्हणतो यावर अवलंबून राहते. सरसकट नियम सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या हिशेबात गुलालगोटा बसत नाही, हेही सांगून टाकतो. कागदाची जाडी म्हणजे लाखभर नॅनोमीटर. डोळ्यांना तलम दिसणारे ते कवच या शास्त्राच्या दृष्टीने किल्ल्याची भिंत आहे, आणि ते बांगडीसारखेच म्हातारे होते. औषधाच्या गोळ्यांवरचा लाखेचा लेपही याच जाड वर्गातला. पोटातल्या आम्लात टिकावे व आतड्यात विरघळावे म्हणून तो चढवितात, आणि साठवणीत लाखेचे रेणू सांधले गेले की तो वेळेवर विरघळत नाही. रोग्याच्या दृष्टीने लाखेचे वय ही निव्वळ विद्वत्तेची बाब राहत नाही. औषध घेतलेले असते आणि ते मिळालेले नसते.

गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी उलट्या बाजूनेही वाट काढली आहे. मुरलेली काच हवी तर वाट पाहत कशाला बसावे? २००७ साली अमेरिकेत एडिगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही द्रव्यांची वाफ करून ती योग्य तेवढ्या उबदार पाटीवर सावकाश बसविली. प्रत्येक कण पृष्ठभागावर आला की गाडले जाण्यापूर्वी त्याला सरकून चांगली जागा धरण्यास अवधी मिळतो. गर्दी एकदम आत न घेता एकेक उतारू बसवून घेतल्यासारखे. अशी काच साध्या रीतीने मुरवावयाची तर हजारो वर्षे लागली असती. लांब साखळ्यांची वाफ करता येत नाही, ही अडचण होती. संस्थानी बैठकीत सहकुटुंब पाहुण्याला एका खुर्चीवर बसविण्यासारखीच ती म्हणा. प्रीस्टली यांच्या प्रिन्स्टन येथील गटाने २०१२ साली लेसरच्या साह्याने ती ओलांडली. त्यांची काच नेहमीपेक्षा चाळीस टक्के कमी घनतेची, तरीही तिचे मऊ होण्याचे तापमान चाळीस अंशांनी अधिक. दाट तितके टिकाऊ, हा समज तिने मोडला. निसर्गाने मात्र वाट पाहून दाखविली आहे. डोमिनिकन प्रदेशातला तृणमणी ही दोन कोटी वर्षांची झाडाची राळ. टेक्सासमधील मॅक्केना यांच्या गटाने २०१३ साली तिच्यावर प्रयोग करून जुन्या उपपत्तींना धक्का दिला. थंड होता होता काचेची हालचाल एका ठरावीक तापमानाशी कायमची थांबते, असे त्या उपपत्ती सांगत. या तृणमण्यात तशी खूण सापडली नाही.

मणिहारांच्या रस्त्यावर होळीच्या आधी गुलालगोटे करण्याची घाई असते. थंडी सरलेली असते आणि उन्हाळा उजाडावयाचा असतो. हातांत कवच वाकत नाही व आपोआप तडकतही नाही. गोट्याला फुटायचेच असते, तेव्हा त्याचा ठिसूळपणा येथे दोष ठरत नाही. रंगपंचमीपर्यंत न खपलेला गोटा फोडावा, गुलाल झटकावा आणि कवचाचे तुकडे शेगडीवर धरावेत. धग बेताची ठेवली तर लाख पुन्हा कांडीला लागते.